खर्रा, लाळ आणि लेझरचा उजेड

"लाळेच्या एका थेंबावरून कॅन्सर ओळखणारी मशीन निघाली म्हणतात. आपल्याकडे नागपुरात कुठे होते ही तपासणी? पैसे किती लागतात?" हा प्रश्न हल्ली वस्त्यांमध्ये वरचेवर कानावर येतो. मोबाईलवर असे व्हिडिओ फिरत असतात आणि घरात कुणाचे तोंड आले असेल तर माणूस ते दोनदा बघतो. त्याचे थोडक्यात उत्तर असे की त्यामागचे विज्ञान खरे आहे, पण तपासणी अजून दवाखान्यात पोचलेली नाही. एवढे सांगून आम्ही मोकळे झालो असतो. पण हा प्रश्न विचारणाऱ्या पुष्कळांच्या गालात त्या वेळीही खर्रा असतो. म्हणून हे विज्ञान काय आहे, ते कुठे अडले आहे आणि ते येईपर्यंत आपल्या हातात काय आहे, हे जरा सविस्तर सांगतो.

प्रकाशाने रोग ओळखणे आपल्या घरांना नवीन नाही. सिकलसेलची तपासणी आठवा. नागपूर भागात हा आजार आहे, हे शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. तेव्हापासून आपल्या समाजाचा या आजाराशी संबंध सुटलेला नाही. शिबिरात बोटाला टोचून रक्ताचा थेंब एका द्रावणात टाकतात. मग ती काचेची नळी काळ्या रेघा मारलेल्या कागदासमोर धरतात. रेघा स्पष्ट दिसल्या तर काळजी नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर रक्तात 'एस' हिमोग्लोबिन आहे. उजेड नळीतून आरपार गेला की अडला, एवढेच ही तपासणी बघते. माणूस वाहक आहे की रुग्ण, म्हणजे एएस की एसएस, हे त्या नळीला कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी तपासणी करावी लागते. पहिली तपासणी संशय घेते आणि दुसरी खात्री करते. हा फरक लक्षात असू द्या, कॅन्सरच्या बाबतीत तो पुन्हा लागणार आहे.

उजेड अडतो की आरपार जातो, याहून जास्त काही त्याच्याकडून कळू शकते का? इथे सर चंद्रशेखर वेंकट रामन येतात. रामन सुरुवातीला सरकारच्या हिशेब खात्यात नोकरीला होते आणि १९१० साली त्यांची बदली नागपूरला झाली होती, हे फार थोड्यांना माहीत असते. वर्षभराच्या आत ते कलकत्त्याला गेले आणि तिथे २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यांचा शोध जाहीर झाला. १९३० साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. २८ फेब्रुवारीला शाळेत विज्ञान दिन होतो, तो याच शोधाचा.

शोध काय होता? एका रंगाचा प्रकाश एखाद्या पदार्थावर टाकला की त्यातला बहुतेक प्रकाश त्याच रंगाचा परत फिरतो. पण सुमारे एक कोटी किरणकणांतला एखादा परत येताना आपला रंग किंचित बदलतो. त्या पदार्थातले रेणू सतत थरथरत असतात. प्रकाश त्या थरथरीला थोडी ऊर्जा देऊन येतो किंवा तिच्याकडून घेऊन येतो. चरबीची थरथर वेगळी, प्रथिनांची वेगळी, साखरेची वेगळी. बदललेले रंग यंत्राने वेगळे करून कागदावर काढले की उंच-सखल रेघांचा एक आलेख मिळतो. तो त्या पदार्थाच्या अंगठ्याच्या ठशासारखा असतो. रामन यांनी हे सूर्यप्रकाश आणि रंगीत काचांवर सुरू केले, आता लेझर वापरतात. दुसरी एक पद्धत आहे. तिच्यात डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण टाकून त्यातले कोणते शोषले गेले ते बघतात. दोन्हींचा उद्देश एकच, रंग किंवा रसायन न टाकता पदार्थ ओळखणे. या विद्येला स्पेक्ट्रोस्कोपी म्हणतात.

आता लाळेकडे येऊ. आपल्या शरीरातली जवळपास प्रत्येक पेशी स्वतःच्या पातळ आवरणाचा तुकडा गुंडाळून बारीक थैल्या बाहेर सोडत असते. शास्त्रज्ञ त्यांना एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल्स म्हणतात. आम्ही पुड्या म्हणू. (पानठेल्यावरची पुडी नव्हे.) रक्त, लाळ, लघवी, आईचे दूध या सगळ्यांत त्या सापडतात. आकार विचाराल तर एका मिलिमीटरचे दहा लाख भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. या पुड्यांतल्या सर्वांत लहान जातीच्या पुड्या ३० ते १५० नॅनोमीटरच्या असतात. डोक्याचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. पॅथॉलॉजीतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाला त्या दिसत नाहीत.

१९६७ साली पीटर वोल्फ यांना रक्तातल्या प्लेटलेटमधून निघणारे असे कण दिसले तेव्हा त्यांनी त्याला प्लेटलेटची धूळ म्हटले. १९८३ साली कॅनडातल्या माँट्रियलमध्ये रोझ जॉनस्टोन आणि अमेरिकेत फिलिप स्टॉल यांच्या प्रयोगशाळांनी कोवळ्या तांबड्या पेशी अशा पुड्या बाहेर टाकतात हे दाखवले. तेव्हा वाटले, पेशी घरातला केर काढते आहे. पुढे कळले की त्या पुडीत प्रथिने, चरबी आणि पेशीच्या जनुकीय निरोपाचे तुकडे असतात आणि दुसरी पेशी ती पुडी आत घेऊन तसे वागू लागते. म्हणजे केराबरोबर चिठ्ठ्याही जात होत्या. सिकलसेलच्या रुग्णांच्या रक्तात तांबड्या पेशींच्या अशा पुड्या नेहमीपेक्षा जास्त असतात आणि रक्त गोठण्याच्या त्रासात त्यांचाही वाटा असतो, हे जाता जाता सांगून ठेवतो. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

कॅन्सरची पेशीही पुड्या सोडते. त्यांतला माल निरोगी पेशीच्या पुडीपेक्षा वेगळा असतो. गालाच्या आत गाठ वाढत असेल तर तिच्या पुड्या लाळेत उतरतात. मग लाळेतल्या पुड्या वेगळ्या काढून त्यांच्यावर प्रकाश टाकला आणि आलेख बघितला, तर गालाला सुई न लावता रोग ओळखता येईल का? व्हिडिओमागे आहे तो हा प्रश्न.

इस्रायलमधल्या तेल अवीवच्या शास्त्रज्ञांनी २०१९ साली नेमके हेच करून पाहिले. त्यांनी तोंडाच्या कॅन्सरचे २१ रुग्ण आणि १३ निरोगी माणसे यांच्या लाळेतल्या पुड्यांवर अवरक्त किरण टाकले. संगणकाने आलेख वेगळे केले तेव्हा सगळे रुग्ण रुग्ण म्हणून ओळखले गेले आणि निरोगींच्या बाबतीत अचूकता ८९ टक्के आली. २०२३ साली दक्षिण कोरियाच्या शास्त्रज्ञांनी रक्तातल्या पुड्या, रामन यांची पद्धत आणि संगणक यांची सांगड घालून फुप्फुस, स्तन, मोठे आतडे, यकृत, स्वादुपिंड आणि जठर अशा सहा अवयवांचे कॅन्सर एकाच चाचणीत ओळखण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला.

आपल्या राज्यातही या वाटेवर काम झाले आहे. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचे ॲक्ट्रेक हे संशोधन केंद्र आहे. तिथे डॉ. सी. मुरली कृष्णा यांच्या प्रयोगशाळेने तोंडाच्या कॅन्सरसाठी रामन यांची पद्धत अनेक वर्षे वापरली. त्यांनी पुड्यांऐवजी गालाच्या आतल्या त्वचेवरच बारीक नळीने लेझरचा प्रकाश टाकून आलेख घेतले, रक्तातल्या पाण्याचेही घेतले. त्यातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. तंबाखू खाणाऱ्याचा गाल डोळ्यांना चांगला दिसत असतानाही त्याचा आलेख न खाणाऱ्याच्या आलेखापेक्षा वेगळा येतो. "मला काही झालं नाही, दहा वर्षं खातो" असे म्हणणाऱ्या भावाने हे वाक्य पुन्हा वाचावे.

मग ही तपासणी मेडिकलमध्ये का नाही?

पहिले कारण साधे गणित आहे. २१ आणि १३ मिळून ३४ माणसे झाली. आपल्या एका गल्लीत याहून जास्त राहतात. ८९ टक्के ऐकायला चांगले वाटते, पण समजा एखाद्या वस्तीत १,००० प्रौढ आहेत आणि त्यांतल्या ५ जणांना खरोखर तोंडाचा कॅन्सर आहे. चाचणी त्या पाचही जणांना पकडेल. पण उरलेल्या ९९५ निरोगी माणसांपैकी ११ टक्के, म्हणजे सुमारे ११० जणांनाही ती रुग्ण म्हणेल. ११० घरांत रडारड, रजा, मजुरी बुडणे, कर्ज. अशी चाचणी फार तर सिकलसेलच्या नळीसारखी पहिली पायरी होऊ शकते. खात्रीची पायरी ती नाही.

दुसरे कारण पुड्या वेगळ्या काढण्याचे. त्यासाठी लाळ किंवा रक्त अतिशय वेगाने फिरणाऱ्या यंत्रात तासन्‌तास घुसळावे लागते. एवढे करूनही चरबीचे इतर कण पुड्यांत मिसळून येतात, कारण रक्तात त्याच आकाराचे चरबीचे कण भरपूर असतात. काय खाल्ले, कधी खाल्ले, यानेही आलेख बदलतो. लाळेत खर्ऱ्याचा रंग आणि तंबाखूचा अर्क असेल तर लेझर पडताच तोच चमकतो आणि त्या चमकेत पुड्यांचा क्षीण आलेख बुडून जातो. म्हणजे ज्यांना या चाचणीची सर्वांत जास्त गरज, त्यांच्याच लाळेत ती सर्वांत अवघड. तिसरे कारण असे की एका प्रयोगशाळेचे निकाल दुसऱ्या शहरात, दुसऱ्या यंत्रावर, दुसरे अन्न खाणाऱ्या हजारो माणसांवर तसेच आले पाहिजेत. त्याला वर्षे लागतात. लागलीच पाहिजेत.

म्हणून कुणी कंपनीच्या गेटवर किंवा वस्तीत येऊन "एका थेंबात सगळे कॅन्सर" म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका. त्या पैशात बुटीबोरीहून नागपूरला जाऊन दातांच्या डॉक्टरला तोंड दाखवून परत येता येते, आणि बहुधा नाश्त्यापुरते उरतातही.

टॉर्चचा उजेड

लेझरची वाट बघताना एक दुसरा उजेड आपण विसरलो आहोत. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून एक मोठा अभ्यास झाला. जवळजवळ दोन लाख माणसे त्यात होती. काही पंचायतींत प्रशिक्षण घेतलेले आरोग्य कर्मचारी घरोघरी जाऊन उजेडात लोकांचे तोंड आतून बघत, संशय आला तर डॉक्टरकडे पाठवत. इतर पंचायतींत नेहमीसारखेच चालू राहिले. २००५ साली निकाल प्रसिद्ध झाला. तंबाखू किंवा दारूची सवय असणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू, तोंड तपासलेल्या पंचायतींत सुमारे एक तृतीयांशाने कमी होते. तपासणारे डॉक्टर नव्हते आणि लेझरही नव्हता. आमच्या मते या लेखातली सर्वांत मोठी वैज्ञानिक बातमी हीच आहे, ती जुनी असल्यामुळे कुणी तिचा व्हिडिओ करत नाही एवढेच.

२०१६-१७ च्या केंद्र सरकारच्या पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ वर्षांवरच्या माणसांपैकी २४.४ टक्के लोक तोंडात ठेवायची किंवा चघळायची तंबाखू वापरत होते. चारात एक. आपल्या भागात खर्ऱ्याचा जोर. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून गालात धरला की रात्रपाळीत झोप येत नाही, भूक मरते, म्हणून एमआयडीसीत जाणारा पोरगा तो सोबत नेतो. बायकांत मशेरी, गुल, गुडाखू. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, पण पानठेल्यावर घोटणे थांबलेले नाही. "मी बिनतंबाखूचा खातो, नुसती सुपारी" असे सांगणारेही पुष्कळ भेटतात. नुसती सुपारीही कॅन्सर करते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ सालीच स्पष्ट केले आहे. सुपारीने गालाची आतली त्वचा चामड्यासारखी ताठ होते, तिखट सोसत नाही आणि हळूहळू तोंड उघडेनासे होते.

महिन्यातून एकदा, कपडे धुवायच्या दिवशी म्हणा किंवा रविवारी विहारातून आल्यावर म्हणा, आरसा आणि मोबाईलची टॉर्च घ्या. चूळ भरून तोंड स्वच्छ करा. दोन्ही गाल बोटाने ओढून आतून बघा. ज्या बाजूला खर्रा धरता ती बाजू जास्त वेळ बघा. जीभ बाहेर काढून तिच्या दोन्ही कडा, मग जीभ वर करून तिच्याखालची जागा, हिरड्या, टाळू, ओठांची आतली बाजू. पांढरा चट्टा जो पुसून निघत नाही, लाल मखमली चट्टा, दोन-तीन आठवडे न भरलेली जखम, टणक लागणारी जागा, विनाकारण हलणारा दात, मानेत गाठ, यांपैकी काही असेल तर थांबू नका. स्वतःची तीन बोटे उभी एकावर एक धरून तोंडात जातात का तेही बघा. जात नसतील तर तोंड आखडू लागले आहे. लाल चट्ट्याची भीती पांढऱ्यापेक्षा जास्त बाळगावी. आणि न दुखणाऱ्या जखमेची दुखणाऱ्यापेक्षा. "दुखत नाही ना, मग राहू द्या" म्हणून कितीतरी लोकांनी सहा-सहा महिने घालवलेले आम्ही ऐकले आहे.

कुणाला दाखवायचे? तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची तोंडाची तपासणी हा सरकारी कार्यक्रमाचाच भाग आहे. आशाताई घरी फॉर्म भरायला येतात, त्यात तंबाखूचा प्रश्न असतो. तिथे खरे सांगा, सासूसमोर लाजू नका. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तोंड बघून पुढे पाठवतात. नागपुरात मेडिकलच्या परिसरातले शासकीय दंत महाविद्यालय आणि रुग्णालय हे तोंडासाठी सर्वांत सरळ ठिकाण. वर्धा रोडवर मिहानमधले एम्स बुटीबोरीहून जवळ पडते. त्याच रस्त्यावर जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे आणि शहरात राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय. कंपनीत ईएसआय कापला जात असेल तर ईएसआयच्या दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन जा, तो तुमच्याच पगारातला पैसा आहे.

तिथे डॉक्टर बहुधा बायोप्सी सांगतील. इथे येऊन अनेक जण परत फिरतात, कारण "सुई लावली की कॅन्सर पसरतो" हे वाक्य वस्तीत डॉक्टरांपेक्षा जुने आहे. त्याचे उत्तर नीट देऊ. तोंडातल्या चट्ट्याचा बारीक तुकडा काढल्याने रोग पसरत नाही. पेशीने पुड्या सोडणे, गाठीने वाढणे हे तुकडा न काढताही चालूच असते आणि पसरते ते उशिरा जाण्याने. लोकांना दिसते ते असे की बायोप्सी झाली आणि दोन महिन्यांत माणूस गेला. तो दवाखान्यात पोचला तेव्हाच गाठ मानेत उतरलेली होती, हे मात्र सांगायचे राहून जाते. आजमितीला खात्रीची पायरी बायोप्सी हीच आहे. लाळेवरची चाचणी उद्या आली तरी तिने संशय घेतल्यावर तुकडा काढूनच खात्री केली जाईल. प्रत्येक पांढरा चट्टा कॅन्सर नसतो, हेही तितकेच खरे. तंबाखू-सुपारी सोडल्यावर काही चट्टे आपोआप कमी होतात. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११२-३५६ हा सरकारी क्रमांक आहे, फोनला पैसे लागत नाहीत.

दवाखान्यात जाताना आधार कार्ड आणि रेशन कार्ड सोबत ठेवा. कॅन्सर निघालाच तर शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. रुग्णालयात आरोग्यमित्राचे टेबल असते, पैसे भरण्याआधी तिथे विचारा. सोबत घरातले एक माणूस न्या, शक्यतो लिहिता-वाचता येणारे. डॉक्टर काय बोलले ते त्याने लिहून घ्यावे. बायोप्सीचा रिपोर्ट त्याच दिवशी मिळत नाही. तो कधी आणि कोणत्या खिडकीवर मिळेल ते चिठ्ठीवर लिहून घ्या आणि त्या तारखेची सुट्टी आधीच टाकून ठेवा.